हरवलेल्या पानांची जागा

१

त्या दिवशी वारा पडला होता. आभाळ ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखं, ना धड ऊन, ना ढग. मागच्या अंगणातल्या दोरीवर चादरी जागच्या जागी लटकल्या होत्या, एक टोक हलेल तर शपथ. अशा हवेत खळ वाळत नाही. म्हणून बाइंडरनं चिकटवायचं काम बाजूला सारलं आणि तो शिवायला बसला.

बाइंडर म्हणजे पुस्तकं बांधणारा. त्याला नाव होतं, पण गल्लीत ते कुणाच्या लक्षात नव्हतं. बाइंडरदादा म्हटलं की भागायचं. पोरवयात शाळेच्या वाटेवरच्या एका बाइंडिंगच्या दुकानात तो चिकटला तो चिकटलाच, शाळेपर्यंत काही पोचला नाही. सगळा जन्म पुस्तकांत गेला आणि एक अक्षर ओळखीचं झालं नाही. बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. लग्नानंतर तिनं त्याला पाटीवर बसवून पाहिलं. पण अक्षरं त्याच्यापुढे ठरतच नसत, मुंग्यांसारखी इकडची तिकडे व्हायची. शेवटी तो म्हणाला, "तू आहेस ना. मी शिवतो, तू वाच."

तोच रिवाज पडून गेला. दुपारची जेवणं झाली की तो टेबलाशी आणि ती खिडकीजवळच्या खुर्चीत. दुरुस्तीला जे आलं असेल ते ती मोठ्यानं वाचायची. कायद्याची पुस्तकं, घोड्यांचे आजार, राजेरजवाडे, विहिरी कशा खणाव्यात, सगळं त्यानं ऐकलं होतं. न शिकलेल्या माणसाला कान हीच पाटी. त्यावर एकदा उमटलेलं सहसा पुसलं जात नसे.

मग बायकोचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, जिना नको, दगदग नको, आणि बोलणंही बेतानं. "मास्तरणीला बोलू नको म्हणता," ती म्हणाली, आणि एवढं बोलूनच तिला धाप लागली. तेव्हापासून दुपारी त्या खोलीत नुसता दोरा ओढल्याचा आवाज असे, आणि तिचा श्वास.

२

पुस्तकं आली ती वाचनालयातून. तिथं भिंतीतला नळ फुटून एका कपाटात पाणी शिरलं होतं. कुणी एक हौशी वाचक मरताना आपली पुस्तकं वाचनालयाला देऊन गेला होता. सगळी बेटांवरची, आणि बेटांवर राहणाऱ्या माणसांची. पाणी नेमकं त्यांच्यातच शिरलं. गठ्ठे उतरवून घेताना वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "सगळं वाचनालय कोरडं ठणठणीत, आणि बेटं तेवढी बुडाली. आता याला काय म्हणायचं?"

बायकोनं आतून ऐकलं. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. त्या गावापासून समुद्र कुठल्या कुठे. "बेटं आहेत का? द्या इकडे," ती म्हणाली. तो नको नको म्हणत होता, पण तिनं हात पुढे धरला तो खाली घेईना.

एका बेटावरची माणसं कड्यावरून दोरानं खाली उतरून पक्ष्यांची अंडी काढायची, आणि लेकीच्या लग्नात तिला आंदण म्हणून दोर द्यायची. एका बेटावर शाळा होती, एक शिक्षक आणि एकच विद्यार्थी. "आणि तोसुद्धा रोज उशिरा येत असणार," बायको म्हणाली आणि हसता हसता इतकी दमली की त्यानं पुस्तक काढून घेतलं. एका बेटावरची सगळी माणसं एका सकाळी घरदार सोडून निघून गेली होती. जाताना त्यांनी अंथरुणं नीट घातली आणि दारं उघडी ठेवली.

अर्धं पान, फार तर एक पान. मग धाप. मग पाणी. तरी तिचा चेहरा खुलला होता, हे त्याला दिसत होतं. म्हणून तो एकेक पुस्तक सावकाश, उगाच लांबवत दुरुस्त करत राहिला.

३

सगळ्यात खाली एक लहानसं पुस्तक निघालं. पुठ्ठा गेलेला, पहिलं पान गेलेलं, शेवटची पानं पाण्यानं लगदा होऊन गेलेली. वाचनालयाच्या बाईंनाही ते कशाचं ते सांगता येईना. नोंदीतही सापडत नाही म्हणाल्या. टाकून द्या, नाहीतर तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

पान टाकणं बाइंडरला माहीत नव्हतं. त्याच्या उस्तादानं त्याला लावून दिलेली रीतच होती. पुस्तकातली पानं हरवली असतील तर तेवढे कोरे कागद घडी घालून, त्यांची जुडी करून, त्या जागी शिवायचे. पुढेमागे पानं सापडली तर बसवायला जागा हवी. सापडली नाहीत तरी वाचणाऱ्याला कळावं की इथं काही होतं. उस्ताद म्हणायचे, गेलेल्याची जागा राखायची असते.

तसं त्यानं केलं. छापलेल्या जुड्या शिवल्या, शेवटी एक कोरी जुडी शिवली, आणि खळ वाळायची नाही म्हणून पुठ्ठा न चढवताच ते तसंच बायकोच्या हातात दिलं. हाच तो वारा पडलेला दिवस.

ती वाचू लागली. साधंच पुस्तक होतं, कुणी फारसा न बोलणारा माणूस सांगतोय असं. बेटावर झाड एकच. घरं पांढरी, उतारावर. धक्क्यापासून वर जायला दगडी पायऱ्या. घरांना दारं आहेत पण कुलपं नाहीत. एरवी समुद्र खवळलेला असतो, वारा पडला की होडी येते. होडी आली की सगळे खाली जाऊन उभे राहतात, कोण आलं ते बघायला.

बाइंडर शिवत होता. दोऱ्याला मेण लावायचं, सुई घालायची, ओढायचं. कितीतरी वेळानं त्याच्या ध्यानात आलं की पाणी द्यायला आपण उठलोच नाही. तिला धाप लागलेली नव्हती. आवाज मोकळा होता, वर्गात असायचा तसा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

त्यानं तोंड वर केलं नाही. चांगलं काही चाललं असलं की त्याकडे टक लावून पाहू नये, असं त्याला वाटे.

४

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मात्र त्याचा हात थांबला.

अक्षरं ओळखीची नसली तरी बाइंडरला पुस्तकाचा अंदाज असतो. छापलेल्या कागदाचा आवाज वेगळा, कोऱ्याचा वेगळा. छापलेला जुना कागद उलटताना मऊ कुजबुजतो. नवा कोरा कागद खडखडीत वाजतो. आणि आता पान उलटलं ते खडखडीत वाजलं.

त्यानं मान वर केली. बायको पाठीला उशी लावून बसली होती. चष्मा कपाळावर सरकवलेला. पुस्तक मांडीवर शेवटाशी उघडं, आणि त्यावर त्यानं स्वतः कापलेला, स्वतः घडी घातलेला पांढरा कोरा कागद. तिचं बोट त्याच्यावरून ओळीनं चाललं होतं. काठाशी पोचलं की मागे यायचं, जरा खाली सरकायचं, पुन्हा चालायचं.

"धक्क्यावर एक माणूस रोज असतो," ती वाचत होती. "बेटावर त्याच्या हाताला काम नाही, म्हणून तो उतरणाऱ्यांना हात देतो. चालताना त्याचा एक बूट करकरतो."

त्यानं विचारलं, "अगं, दिसतंय का तुला नीट?"

"न दिसायला काय झालं? टाइप मोठा आहे," ती म्हणाली, आणि पान उलटलं.

५

तो अडाणी असला तरी भाबडा नव्हता. रात्री अंथरुणात पडून त्यानं स्वतःशी हिशेब मांडला. आयुष्यभर पोरांना गोष्टी सांगितलेली बाई. पुस्तक संपलं, आपलं मन मोडू नये म्हणून पदरचं सांगत असेल. आपल्याला वाचता येत नाही, मग कोरं काय आणि छापील काय. आणि बूट करकरणारा माणूस तर शेजारचाच.

शेजारी भिंतीपलीकडे कुलपवाल्याची बायको राहायची. कुलपवाला मागच्या वर्षी गेला. हयातभर त्याचा डावा बूट करकरत असे, आणि त्यावरून नवराबायकोचं रोजचं भांडण गल्लीला पाठ होतं. बायकोनं तेच उचललं असणार. झालं.

तरी त्यानं एक करून पाहिलं. चार दिवस जाऊ दिले आणि तिला म्हणाला, ते धक्क्यावरच्या माणसाचं पुन्हा वाच, ऐकायचं राहून गेलं. तिनं पान काढलं आणि वाचलं. शब्दाला शब्द तोच. कुठे थांबायचं, कुठे पुढे जायचं, तेही तेच. कानावर उमटलेलं पुसलं जात नाही म्हणतात ते अशा वेळी जाचतं. पदरचं सांगणारं माणूस दोनदा सारखं सांगत नाही. हे त्याला तिच्याच गोष्टींवरून माहीत होतं.

मग कोरी जुडी संपली. तिनं पुस्तक मिटलं, आणि त्या संध्याकाळी तिला अशी धाप लागली की खिडक्या उघडल्या, डॉक्टर आले, उशा वाढवल्या, तरी श्वास तिच्या ताब्यात येईना. गल्लीतली दोन माणसं दाराशी उभी राहिली होती.

सकाळी बाइंडरनं कपाटातून कागद काढला, घडी घातली, आणि पुस्तकाच्या शेवटी आणखी एक कोरी जुडी शिवली. दुपारी ती वाचू लागली आणि तिचा श्वास जागेवर आला.

तुम्ही असता तर काय केलं असतं? तो शिवत राहिला. एक संपत आली की दुसरी.

शेजारीण रोज दुपारी आपली कामं आवरून भिंतीला पाठ लावून बसू लागली. भिंत एका विटेची, सगळं ऐकू जायचं. अंगणात भेटली की विचारायची, आज आमच्यांचं काही आलं का? बेटावर कुलपं नाहीत हे कळल्यावर म्हणाली, "म्हणजे बसून खातोय म्हणा की. इथं तरी काय वेगळं होतं." आणि तोंड फिरवून चादर झटकत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, वाचणं तर ऐकू येतंच, पण मधे मधे बूटही ऐकू येतो. बाइंडर हसला. त्यालाही तो ऐकू येत होता, हे त्यानं तिला सांगितलं नाही.

६

जुड्या वाढत गेल्या तसं पुस्तक फुगलं. जुना दोरा तो भार पेलेना. एका सकाळी त्यानं ते उसवायला घेतलं, सगळं पुन्हा पक्क्या दोऱ्यानं बांधावं म्हणून. उसवलेल्या जुड्या टेबलावर ओळीनं रचल्या. तेवढ्यात बायकोला ठसका लागला, तो उठला, त्याची बाही लागली, आणि सगळी चळत जमिनीवर पसरली.

छापलेल्या जुड्यांचं अवघड नव्हतं. प्रत्येक जुडीच्या पहिल्या पानाच्या तळाशी खूण असते. ती त्याला वाचता येत नसली तरी कुठल्या खुणेनंतर कुठली, हे बोटांना ठाऊक होतं. कोऱ्या जुड्यांना मात्र खूण नाही. सगळ्या सारख्या. जमिनीवर बसून त्यानं एक उचलली, दुसरी उचलली, उजेडात धरली, आणि स्वतःशीच हसला. कोऱ्या कागदाला कसला आलाय आधी आणि नंतर? हाताला येतील तशा त्यानं त्या लावल्या आणि शिवल्या.

शिवताना दोरा ओला करायला बोट जिभेला लावलं, तर ते खारट लागलं. घाम असेल, म्हणून त्यानं पुसलं.

७

दुपारी बायको वाचायला बसली. तपकिरी शाल अंगावर घेतली होती. त्या शालीचा एक कोपरा इस्त्रीनं जळलेला. तो भाग ती नेहमी आतल्या बाजूला दुमडून घ्यायची.

"वारा पडला आणि होडी आली," तिनं वाचलं. "होडीत एकच बाई होती. तिच्या अंगावर तपकिरी शाल होती आणि शालीचा जळका कोपरा तिनं आत दुमडला होता. वर पायऱ्यांकडे बघून ती हसली. इतक्या चढायच्या आहेत, पण तिला धाप लागलेली नव्हती. धक्क्यावरचा माणूस करकरत पुढे आला. त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, या, जपून. तेव्हा ती बाई..."

बाइंडर कधी उठला ते त्याचं त्याला कळलं नाही. त्यानं आपला हात कागदावर पालथा ठेवला होता. तळव्याला कागद गार लागत होता.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला काहीच उमगलं नव्हतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. "काय झालं हो?"

"खळीचा डाग आहे," तो म्हणाला. "पुसून देतो. पुढचं वाच तू, पुढच्या जुडीपासून."

पुढच्या जुडीत होडी अजून यायचीच होती. उतारावरच्या एका रिकाम्या घराला माणसं पांढरा रंग देत होती. खिडकीजवळ खुर्ची आणून ठेवत होती. कुणी म्हणत होतं, खुर्ची जरा उजेडाकडे सरकवा, त्यांना वाचायची सवय आहे.

म्हणजे आपल्या हातून नंतरचं आधी लागलं, एवढं बाइंडरला कळलं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यानं ती एक जुडी उसवून काढली. चुलीशी नेली. चूल पेटलेली होती, हात पुढे झाला होता, पण हातानं ऐकलं नाही. पान टाकणं ज्याला माहीत नाही त्यानं जाळावं कसं? शेवटी त्यानं ती लाकडी शिकंज्यात घातली, ज्यात पुस्तकं दाबून ठेवतात त्यात, आणि मळसूत्र अंगातलं सगळं बळ लावून आवळलं.

सकाळी शिकंज्याखाली पाणी होतं. टेबलाच्या कडेनं ओघळून खाली थेंब थेंब पडत होतं. दुपारपर्यंत ते वाळलं आणि लाकडावर पांढरी रेघ राहिली. त्यानं ती ओल्या फडक्यानं पुसली. मग ते फडकं त्यानं लांब नेऊन धुतलं.

८

त्यानंतर वाचन बिघडलं.

घर रंगवून झालं, खुर्ची ठेवून झाली, वारा पडला, होडी आली. होडीत कुणीच नव्हतं. खाली जमलेली माणसं रिकाम्या होडीकडे बघत उभी राहिली. पुढच्या पानावर ती उभी होती. त्याच्या पुढच्या पानावरही उभीच. कुणी बोलत नव्हतं. बूट करकरत नव्हता, म्हणजे तो माणूसही जागचा हलत नव्हता. बायको वाचायची, "माणसं उभी आहेत," पान उलटायची, आणि पुन्हा, "माणसं उभी आहेत."

आणि आता वाचतानाच तिला धाप लागू लागली.

बाइंडरनं नव्या जुड्या शिवल्या. चांगला जाड कागद आणून शिवला. त्यावरही माणसं उभीच होती. बेटांची बाकीची पुस्तकं त्यानं पुढे करून पाहिली, दोर आंदण देणारी, एका पोराची शाळावाली. तिला त्यातलं अर्धं वाक्यही वाचवेना. दिवसेंदिवस ती खुर्चीतून आतल्या खोलीतल्या पलंगावर आणि पलंगावर बसलेली ती आडवी झाली. डॉक्टर येत, नाडी बघत आणि जाताना बाइंडरच्या खांद्यावर हात ठेवत. तो हात त्याला आवडत नसे.

एके दिवशी तिनं त्याला जवळ बोलावलं. एकेक शब्द वेचून, मधे थांबत थांबत म्हणाली, "मधलं गळलंय हो काहीतरी. ती बिचारी माणसं कधीची ताटकळलीत. तुम्ही तर कधी पान गाळत नाही."

"शोधतो," तो म्हणाला.

"सापडलं की लावा. मला ते ऐकायचंय."

तो बाहेर येऊन टेबलाशी बसला. शिकंजा समोर होता. तिला इथं ठेवायचं म्हणून आपण ते पान अडवून धरलंय, आणि इथं ती श्वासासाठी तडफडते आहे. तिकडे पायऱ्या चढूनही धाप नाही. पण तिकडे म्हणजे कुठे? कोऱ्या कागदात? आपलं डोकं फिरलंय का? बायको आजारी आहे, औषध चालू आहे, माणसं यातून उठतात. हे सगळं त्यानं मनात नीट लावून पाहिलं, छापलेल्या जुड्यांसारखं एकामागे एक, आणि प्रत्येक वेळी शेवट त्या शिकंज्यापाशी आला.

९

मग पुन्हा एकदा वारा पडला. तशाच चादरी, तसंच पुसलेलं आभाळ.

दुपारी बायको आत पलंगावर पडली होती. दार अर्धं उघडं, तिचा श्वास बाहेर ऐकू येत होता, करवत चालावी तसा. बाइंडरनं दुसऱ्या एका पुस्तकाच्या कण्याला लावायला खळ काढली. ब्रश बुडवला. मग ब्रश वाटीतच ठेवून त्यानं शिकंज्याचं मळसूत्र सैल केलं आणि ती जुडी बाहेर काढली.

त्याला काही करायचं नव्हतं. नुसती बघायची होती. इतके दिवस दाबात राहून ती सपाट, गुळगुळीत झाली होती. खिडकीशी, बायकोच्या खुर्चीत तो बसला, कारण तिथं उजेड होता. पहिलं पान उघडलं. पांढरं, कोरं. ती करायची तसं त्यानं बोट कागदावर ठेवलं आणि काठापर्यंत नेलं. मागे आणलं. जरा खाली सरकवलं.

बोटाखाली कागद कुठे उंच, कुठे सखल लागत होता. मुंग्या नव्हत्या. सगळं ठरलेलं होतं, ज्याच्या त्याच्या जागी. एवढंच त्याला नंतर आठवलं. एवढंच, आणि पायऱ्यांचे दगड ओले होते, हे.

भानावर आला तेव्हा जुडी मांडीवर शेवटच्या पानावर उघडी होती. डुलकी लागली असावी. फार तर घटकाभर. पण वाटीतल्या खळीवर जाड साय धरली होती आणि ब्रश तिच्यात घट्ट अडकून बसला होता. घसा कोरडा पडला होता, भर बाजारात दिवसभर ओरडावं तसा.

घर शांत होतं. आतून करवतीचा आवाज येत नव्हता. चला, झोप लागली बिचारीला, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी अशी गाढ झोप. दार उघडून बघायला तो उठला, दारापर्यंत गेला, आणि करकरलं म्हणून थांबला. बिजागरी असेल. पण दाराला त्यानं अजून हात लावला नव्हता.

आवाजानं तिची झोप मोडायला नको, असं स्वतःशी म्हणत तो मागे फिरला. चादरी काढायच्या राहिल्या होत्या, त्या आधी काढू. मग चहा करू, दोन कप, आणि मग तिला उठवू.

अंगणात शेजारीण दोरीशी उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा लग्नघरातून आल्यासारखा. तिनं त्याच्या हातातली चादर घेतली, एक टोक त्याला धरायला दिलं, आणि घडी घालता घालता, भिंतीपलीकडे जायला नको अशा हलक्या आवाजात म्हणाली,

"दादा, तुम्हाला वाचता येतं हे एवढी वर्षं कुणाला कळूसुद्धा दिलं नाहीत. आज किती छान वाचलंत! त्या शालवाल्या बाईंना आमच्यांनी हात देऊन उतरवून घेतलं ना, तिथं मला भरूनच आलं. एवढंच कळलं नाही, त्यांनी 'या, जपून' म्हटल्यावर आतून आपल्या वहिनी 'आले हं' म्हणाल्या, ते कुणाला?"